नानांनी तपासलेली गाडी

माझ्या बाबागाडीसाठी आमच्या घरमालकांनी स्वतःच्या फाटकाचा खांब फोडला होता, हे मी जळगावात कुणाला सांगितलं की लोकांना थाप वाटते. वाटू दे. धुळ्याला देवपुरात आम्ही नानांच्या घरात तळमजल्यावर भाड्याने राहायचो आणि वर नाना एकटेच. घरमालक म्हटलं की भिंतीत खिळा ठोकला तरी घर डोक्यावर घेणारा प्राणी. हा माणूस मात्र सत्तरी उलटल्यावर, डोक्याला उपरणं गुंडाळून, छिन्नी-हातोडा घेऊन आपल्याच फाटकापाशी बसला. दोन दिवस नुसती ठकठक. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "नाना, काय झालं फाटकाला?"

"काही नाही झालं. अरुंद आहे."

"अहो, इतकी वर्षं चाललं की!"

"इतकी वर्षं एकेरी पोरं होती," नाना म्हणाले आणि परत ठोकायला लागले.

मला तेव्हा सहावा महिना होता. मोठी मुलगी अनू दोन वर्षांची, वजनाने बारा किलो आणि चालायचा भयंकर आळस. माझे यजमान दीपनगरच्या वीजकेंद्रात शिफ्ट ड्युटीत, धुळ्याला यायचे ते सुट्टीपुरते. मी पांझरा नदीच्या पलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि पाळणाघर होतं शाळेच्या वाटेवर. दुसरं बाळ झाल्यावर दोघांना घेऊन हा रस्ता तुडवायचा कसा, या विचाराने माझं डोकं फिरायची वेळ आली होती. दोन पोरं बसतील अशी जोडगाडी घ्यायची, असं मी एकदा जिन्याखाली उभी राहून यजमानांशी फोनवर बोलले. फोन ठेवला तर वरून आवाज. "कोणती? शेजारी-शेजारीवाली की मागे-पुढेवाली?"

हे असं. त्या घरात काहीही बोललं की वरून तपासणी व्हायची.

नाना एका साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होते. कुठल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि का सांगितलं नाही ते मला फार उशिरा कळलं. माणूस निवृत्त झाला, पण हात निवृत्त झाले नाहीत. त्यांच्या फाटकातून आत येणारी प्रत्येक गोष्ट तपासली जायची. खुर्ची आणली की ते तिच्यावर बसून चारही बाजूंना झुलायचे. आमच्या कुकरच्या शिट्ट्या वरून मोजायचे. एकदा मी डाळ लावलेली असताना जिन्यातून ओरडले, "बाई, तिसरी शिट्टी फुसकी होती. रिंग बदला." रिंग खरंच गेली होती. आम्ही खोल्या बघायला आलो तेव्हा त्यांनी ना जात विचारली ना पगार. मला नळ उघडून परत बंद करायला लावला आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहा. नळ आवळून पिळणारा भाडेकरू मला चालत नाही. वायसर जातं."

त्यांचं एक वाक्य होतं आणि ते दिवसातून चारदा ऐकावं लागायचं. "तपासलं नसेल तर तपासलं म्हणू नये."

खोटं तर हा माणूस औषधालाही बोलायचा नाही. गल्लीतल्या एका मुलाची चौकशी करायला मुलीकडचे लोक आले, त्यांना कुणी तरी नानांकडे पाठवलं. नाना म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा आहे. पण उठतो दुपारी बाराला आणि आईला उलटून बोलतो." झालं, सोयरीक मोडली. मुलाची आई फाटकाबाहेर उभी राहून नानांच्या सात पिढ्या उद्धरून गेली. नाना ऐकत बसले. ती गेल्यावर मला म्हणाले, "ती पण खोटं नाही बोलली. मी आहेच भिकार."

असा माणूस खरं तर गल्लीला नकोसा व्हायचा. पण नाना सगळ्यांना हवे असायचे, ते एका कामासाठी. बारशाला पाळणा बांधायचा तो नानांनीच. देवपुरातल्या आमच्या सगळ्या गल्लीत ही रीतच पडली होती. बाराव्या दिवशी सकाळी नाना धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन निघायचे. छताचा हूक बघायचे, त्याला आधी स्वतः लोंबकळायचे. मग गाठी मारायचे, दोर ताणून कान लावायचे, तेल घालायचे. आणि पाळणा रिकामा एकदाही हलू द्यायचे नाहीत. आपल्याकडे पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात, त्याला कुंची घालून, काजळ लावून. सगळीकडे तो बायका घालतात, आमच्या गल्लीत तो मान नानांचा. त्यांच्या बायकोच्या पाट्यावरचा वरवंटा होता, तीन किलोचा, घासून घासून गुळगुळीत झालेला. तो ते स्वतः पाळण्यात ठेवायचे, चार झोके द्यायचे आणि मग म्हणायचे, "आणा आता मालकाला." हे म्हणताना त्यांचं तोंड बघावं. आयुष्यात त्या माणसाला तेवढाच एक आनंद होता. स्वतःला मूलबाळ नव्हतं.

तर जोडगाडी. धुळ्यात मनासारखी मिळेना, म्हणून जळगावला जायचं ठरलं. यजमान म्हणाले मी रजा काढतो, नाना म्हणाले कशाला, तुम्हाला चाकातलं काय कळतं. शेवटी मी, अनू आणि नाना एसटीने निघालो. नानांच्या मांडीवर पिशवी. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा चहा घ्यायला उतरले तरी पिशवी हातात. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, "बाबा, काय नेताय एवढं जपून?" नानांनी पिशवी उघडून दाखवली. कुंची घातलेला वरवंटा. ती बाई जी सरकली ती जळगाव येईपर्यंत आमच्याकडे बघितलंच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानात त्यांनी हद्द केली. मागे-पुढेवाली गाडी विक्रेत्या मुलीने मोठ्या हौसेने पुढे आणली. नाना उकिडवे बसले आणि मागच्या सीटच्या उंचीवर डोकं नेऊन पुढे बघत राहिले. "ही नको," म्हणाले, "मागच्याला काय दिसणार? जन्मभर पुढच्याची पाठ." मग शेजारी-शेजारीवाल्या. प्रत्येकीचं चाक उचलून फिरवायचं आणि कानाशी न्यायचं. पाठ पूर्ण आडवी होते का बघायची, कारण तान्ह्या बाळाने मान धरलेली नसते. पट्टे खेचायचे. शेवटी दोन गाड्या उरल्या, तेव्हा एका सीटवर अनूला बसवलं, दुसरीवर वरवंटा ठेवला, त्याचे पट्टे लावले आणि गाडी घेऊन हा माणूस सरळ रस्त्यावर. गतिरोधकावरून नेली, गटाराच्या झाकणावरून नेली. अनू खुशीत टाळ्या पिटतेय, रिक्षावाले थांबून बघतायत.

"आजोबा, दगड कशाला ठेवलाय?" त्या मुलीने विचारलंच.

"बाळ यायचंय अजून. तोवर हाच. एकीकडे बारा किलो, दुसरीकडे तीन. हलक्या बाजूचं चाक उचललं तर गाडी फिरते. तुम्ही तपासलं होतं?"

 एक गाडी खरंच एका अंगाला ओढत होती. दुसरी सरळ चालली. निळ्या रंगाची. नानांनी तिच्या दांड्याला हात लावून मान हलवली, म्हणजे पास. फीत काढून तिची रुंदी मोजली आणि तिथेच हिशेब सांगितला, आपलं फाटक चार बोटं कमी पडतंय. मग दुकानदाराला बजावलं, "गाडी ठरली. पण इथेच ठेवा. बाळ घरी आलं की मी स्वतः न्यायला येईन. रिकामी गाडी घरात जाणार नाही."

मीही हो म्हणाले. म्हातारा माणूस, त्याचं मन कशाला मोडा. दुसऱ्या दिवसापासून फाटकाची ठकठक सुरू झाली.

आठवा महिना लागला आणि माझे पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी अनूला उचलायचं नाही म्हणून दम दिला. अनू तर रस्त्यात बसकण मारून "उचल" म्हणून भोकाड पसरायची. त्यातच नाना चुलतभावाच्या दशक्रियेला गावी गेले चार दिवसांसाठी. मी विचार केला, पैसे भरलेत, गाडी दुकानात धूळ खातेय आणि मी इथे फुटपाथवर रडतेय, हा कुठला शहाणपणा? दुकानात फोन केला. दुसऱ्या दिवशी गाडी पार्सलने आली. फोडलेल्या फाटकातून अगदी अलगद आत आली, हे मला आजही आठवतं. एका सीटवर अनू, दुसऱ्या सीटवर माझी पर्स, वह्यांचा गठ्ठा, येताना गिलकी नि मेथी. इतकं सुख मला त्या गरोदरपणात दुसऱ्या कशाने मिळालं नव्हतं.

नाना परत आले. फाटकात उभे राहून त्यांनी गाडी बघितली. वह्या मी काढून घेतल्या होत्या, तेव्हा दुसरी सीट मोकळीच होती. नाना तसेच वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनूला घेऊन बाहेर आले तर दुसऱ्या सीटवर वरवंटा. कुंची घातलेला, पट्टे लावलेले. मी तो काढला, जिना चढून वर गेले. आठव्या महिन्यात जिना चढायला लावला म्हणून आणखीच संताप.

"नाना, हे घेऊन मी शाळेत जाऊ? पोरं हसतील."

"हसू द्या."

"अहो, मी सायन्स शिकवते!"

"मी बॉयलर चालवला. ते पण सायन्सच." मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "बाई, माझं ऐका. वजन नको म्हणत असाल तर कुंची तरी राहू द्या."

मी वरवंटा त्यांच्या दारात ठेवून निघून आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत. मी पुन्हा काढला. तिसऱ्या दिवशीही तेच. या वेळी मी जिना चढलेच नाही, पायरीवर आपटला आणि ओरडले, "मला तुमच्या खुळात ओढू नका!" चौथ्या दिवशी सीट मोकळी होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी एका दुपारी नववीच्या वर्गात उभी असताना माझ्या लक्षात आलं की बाळ सकाळपासून हललेलं नाही. मी तास पुरा केला. का केला, देव जाणे. मग दवाखाना. पुढचं मी लिहीत नाही. मुलगा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाळेला गाठ बसली होती, यात कुणाचा काही दोष नाही. नाळेला अशी गाठ बसू शकते हे मला ठाऊक आहे, ते मला पटतंही. आणि तरीही दवाखान्यातल्या त्या खाटेवर माझ्या डोळ्यांसमोर गाठ आली नाही, निळी सीट आली.

घरी आले तेव्हा सासूबाई बोदवडहून आलेल्या होत्या. त्यांची आधीची दोन बाळं पाठोपाठ गेलेली, मग माझे यजमान झाले. म्हणून त्या बाळाच्या नावाचा एक दोरासुद्धा आधी घरात येऊ द्यायच्या नाहीत. गाडीचं त्यांना आम्ही कळवलंच नव्हतं. रिक्षातून उतरून मी फाटकातून आत आले तर व्हरांड्यात सासूबाई गाडीपुढे उभ्या. अनू तिच्या सीटवर. दुसरीवर काही नाही. शेजारच्या काकू, आणखी दोघी-तिघी बायका पाणी घेऊन थांबलेल्या.

"ही कधी आणली?" सासूबाईंनी विचारलं.

काकूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मी विचारते, माझं नातवंड पोटात असताना ही रिकामी गाडी कोणी फिरवली?"

यजमानांनी खाली बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं.  मला त्या क्षणी एवढंच कळत होतं की मी हो म्हटलं तर या घरात मी कायमची पोर खाल्लेली बाई होणार. या म्हणतील, मग सगळं बोदवड म्हणेल, आणि एक दिवस अनूही ऐकेल. आणि माझं मलाच ते खरं वाटत असल्यामुळे मी कुणाशी भांडणार होते?

जिन्यात पावलं वाजली. नाना अर्ध्या जिन्यात येऊन थांबले होते. एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून गावाकडची अहिराणी बोलीच बाहेर पडली.

"गाडी मी लई उनू, अक्का. ही नको नको म्हणे. मी आयकं नही."

गाडी मी आणली, ही नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. शेजारच्या काकू चमकल्या. "नाना, तुम्ही? तुम्ही रिकामी गाडी आणली?" नाना म्हणाले, "हौस व्हती माले." सासूबाईंनी मागे वळून फोडलेल्या फाटकाकडे बघितलं. ताजं सिमेंट अजून काळं पडलं नव्हतं. हौस केवढी होती याचा पुरावा समोरच उभा. गाडी आली तेव्हा नाना गावी होते, पण मागवली त्यांनीच असणार, असं बायकांनी धरून घेतलं. आणि नाना खोटं बोलतील असं तर गल्लीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मग सासूबाईंनी जे तोंड सोडलं! "निपुत्रिक म्हाताऱ्या, तुला पोरांची हौस? तुझं तळपट होवो. तुझा हात पाळण्याला लागू नये कुणाच्या." नाना जिन्यात हात जोडून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आणि मी, अहो मी तिथे उभी होते. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. मी अनूला गाडीतून उचललं आणि आत गेले.

महिनाभराने मी त्यांच्याकडे वर गेले. म्हटलं, नाना, मी सगळ्यांना खरं सांगून टाकते, माझ्याने हे सोसवत नाही. ते स्टोव्हची पिन साफ करत होते. तेव्हा त्यांनी मला कारखान्याची गोष्ट सांगितली. एक व्हॉल्व्ह तपासायचा राहिला होता, यांनी 'तपासला' म्हणून सही केली. त्यावर भरवसा ठेवून एक वेल्डर बॉयलरच्या आत गेला. त्याच्या घरी दोन लेकरं होती, एक चालतं आणि एक पाळण्यातलं. "तेव्हा खोटं बोललो, माणूस गेला. म्हटलं आता परत नाही. पण तुमच्या सासूबाई विचारत होत्या ना, तेव्हा वाटलं, एका खोट्याने माणूस मेला, एका खोट्याने एखादा जगतो का बघू." मग पिन स्टोव्हमध्ये बसवून म्हणाले, "हाई वजन माले पेलस, माय. तुले नही पेलाव." मला हे वजन पेलतं, तुला पेलायचं नाही. एवढं ऐकल्यावर मी खाली उतरले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

गल्लीने पाळणे बांधायला दुसरा माणूस धरला. नानांना बारशाचं बोलावणं येणं बंद झालं. पोटुशी बाई आमचं फाटक टाळून, रस्ता बदलून जायची. समोरच्या घरातल्या सुनेला मुलगा झाला तेव्हा बारशाला मला बोलावणं आलं. मला! माझा काय दोष, बिचारीचं त्या म्हाताऱ्याने वाटोळं केलं, म्हणून मुद्दाम मान देऊन बोलावलं. मी निघाले तेव्हा नाना फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. धुतलेलं धोतर. समोरच्या घरात पाळणा हलवून बघत होते, त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"बाई," नाना हळूच म्हणाले, "डाव्या हुकाला तेल नाही. गाठ पण एकेरी मारलीय. सांगा त्यांना. माझं नाव नका घेऊ."

मी जाऊन सांगितलं. त्यांनी तेल घातलं, गाठ बदलली. एक आजी म्हणाल्या, "हिला किती समजतं बघा, काय नशिबाला आलं पोरीच्या." आणि पाळण्यात घालायचा वरवंटा त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो ठेवला. खिडकीतून समोरचं फाटक दिसत होतं. तेव्हाही बोलता आलं असतं.

पुढे माझी बदली जळगावला झाली. गाडी आम्ही नेली नाही, नानांनी ती वर त्यांच्या खोलीत ठेवून घेतली. परवा शेजारच्या काकूंचा फोन आला, नाना गेले. खोली उघडली तर गाडी चकचकीत पुसलेली, चाकांना तेल आणि दुसऱ्या सीटवर कुंची घातलेला वरवंटा, पट्टे लावलेले. काकू म्हणाल्या, "शेवटपर्यंत खाल्लं त्यांना त्या पापाने. मरताना तरी सुटले असतील." मी फोनवर "हं" म्हणाले. अनू समोर गृहपाठ करत बसली होती.

काकू, तुम्ही हे वाचाल न वाचाल. गाडी मी आणली होती. नानांनी तीन सकाळी त्या सीटवर वरवंटा ठेवला आणि तिन्ही वेळा तो मी काढला.